तान्ह्याच्या रात्रीचा पहारा

बेळगावहून खानापूरकडे निघाले असता वाटेत मच्छे हे गाव लागते. भातशेतीच्या या पट्ट्यात पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे आवारही येथेच आहे. तरी या बाजूच्या गावांतून ज्ञानेश्वरी पारायणाचे सप्ताह अद्याप निष्ठेने होतात. सप्ताह चालू असेतो वीणा खाली टेकवावयाची नसते. मध्यरात्री एकाच्या डोळ्यांवर झापड येऊ लागली की दुसरा उठतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो आणि पहिला निश्चिंतपणे आडवा होतो. यालाच पहारा म्हणतात. तान्हे मूल असलेल्या घराची रात्र हाही आमच्या समजुतीप्रमाणे असाच एक पहारा होय. देवळातला पहारा पाळीने चालतो. घरातला मात्र बहुधा एकट्या आईच्या गळ्यात पडतो. हे असे पूर्वापार होते काय, याचा थोडा शोध घ्यावा असे आम्हांस वाटले.

शास्त्रकारांचे मत तरी तसे दिसत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागृहाचे वर्णन आहे. त्यात प्रसूतीनंतर दहा किंवा बारा दिवस सुहृद स्त्रियांनी बाळंतिणीच्या सोबतीला जागावे, घरात गीतवाद्ये असावीत, खाण्यापिण्याची रेलचेल असावी आणि वावरणारी माणसे प्रेमळ व प्रसन्न असावीत, असे सांगितले आहे. सुश्रुताने बालकाविषयी आणखी एक बारीक गोष्ट नोंदविली आहे. त्याच्या अंगास सुख वाटेल असे त्यास उचलावे, त्याच्यावर ओरडू नये, आणि ते दचकेल म्हणून त्यास एकाएकी झोपेतून उठवू नये. शस्त्रक्रियेच्या या आचार्याने तान्ह्याच्या झोपेचा इतका विचार करावा याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

हीच दृष्टी लोकाचारात उतरलेली दिसते. देशावर पाचवी आणि सटवी, गोमंतकातील व कोकणीभाषी घरांत सटी. नावे निराळी, पण रात्र जागविण्याचा नेम एकच. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी ललाटलेख लिहिते म्हणून कोरा कागद व लेखणी मांडून ठेवावयाची आणि बायकांनी बाळंतिणीभोवती जागत बसावयाचे. या विधीकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहणे आम्हांस मान्य नाही. नवजात अर्भकाचा धनुर्वात बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उद्भवत असे. त्या काळात चार जाणत्या स्त्रिया जाग्या असणे हा त्या पिढ्यांच्या हाती असलेला एकमेव बंदोबस्त होता.

‘रडल्याशिवाय आईही पाजत नाही’ अशी आपल्यात म्हण आहे. दिवसापुरती ती खरी असेल. रात्री मात्र कुशीतले मूल नुसते चुळबुळू लागले तरी आईस जाग येते. नवजात बालक दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिते, आणि ज्या प्रोलॅक्टिन नामक द्रव्याने दूध उत्पन्न होते त्याचे रक्तातील प्रमाण रात्री अधिक असते. म्हणजे रात्रीचे पाजणे ही मुलास लागलेली खोड नव्हे. दूध टिकते ते त्याच्यावरच.

आई आणि तान्हे यांच्यामध्ये रात्री दरवाजा बंद झाला म्हणजे काय होते, याची आपल्याकडील सर्वश्रुत कथा हिरकणीची. रायगडावर दूध घालावयास गेलेली गवळण, सूर्यास्ताबरोबर मिटलेले गडाचे दरवाजे, खाली घरी भुकेले बाळ, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. आख्यायिकाच ती, परंतु हिरकणी बुरूज आजही दाखवितात आणि महाराष्ट्रात बसस्थानकांवर बाळास पाजण्यासाठी ज्या खोल्या केल्या त्यांनाही ‘हिरकणी कक्ष’ असेच नाव आहे. या कथेत आपण कड्याचे वर्णन फार करतो, दरवाजाचे करीत नाही.

कारण पुढे दुसरा दरवाजा आला, तो गिरण्यांचा. आणि तेथे उतरून जावयास कडाही नव्हता. मुंबईच्या चाळीत एका खोलीचे बिऱ्हाड, सासू गावी, माहेर दूर, पहाटे भोंगा. अशा घरात अफूची ‘बाळगोळी’ शिरली. इवलीशी गोळी दिली की मूल दिवसभर निजे आणि आईस कामावर जाता येई. तीच गोळी रात्रीही उपयोगी पडे. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी डॉ. बार्न्स या बाईंनी १९२२ साली केली, तेव्हा या कामगार मातांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांस अफू दिली जाते असे त्यांनी नोंदविले. अफूने श्वास मंदावतो, ही भीती तर होतीच. परंतु दुसरा परिणाम अधिक कपटी होता. गुंगीतले मूल दूध मागत नाही, न मागितलेले दूध आटते, आणि मूल शांत झोपते आहे अशा समाधानात घरच्यांच्या डोळ्यांदेखत खंगत जाते.

हे अज्ञान केवळ आपल्याच लोकांचे, असे कोणी समजू नये. इंग्लंडातील गिरणगावांत एकोणिसाव्या शतकात ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित सरबत तान्ह्यांना सर्रास पाजीत. मँचेस्टर असो की परळ, गिरणीपाठोपाठ गोळी आलीच. मातांना दोष देणे सोपे होते व तो पुष्कळांनी दिलाही. आमचे मत निराळे आहे: जागणारी माणसे घरातून गेली, त्यांच्या जागी अफू आली.

कायद्याची पावले सावकाश पडली. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बारा आठवड्यांची प्रसूतिरजा आणि कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोनदा अर्ध्या तासाची सुटी मान्य केली. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले विधेयक १९२५ साली नामंजूर झाले. मुंबई कायदेकौन्सिलात २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशाच विधेयकास पाठिंबा दिला. बाळंतिणीस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून त्याच्या खर्चाचा वाटा सरकारनेही उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली कायदा झाला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होते, आणि घटप्रभेच्या धबधब्यापाशी गोकाकची सूतगिरणी १८८७ पासून चालू होती, तेव्हा हा विषय आपल्या जिल्ह्यास परका नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघरे आली. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने औषधाखेरीज अफूची विक्री दहा वर्षांत बंद करण्याचे ठरविले, व बाळगोळीचा उघड बाजार उठला. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याची बारा आठवड्यांची रजा २०१७ साली सव्वीस आठवड्यांची झाली. निपाणीकडे घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या वाट्यास मात्र यातले पाळणाघर कधी आले नाही.

येथे एक खुलासा करतो. बाळगोळी निराळी आणि सहाणेवर उगाळलेली गुटी निराळी. तरीही आजचे वैद्यकशास्त्र पहिले सहा महिने अंगावरच्या दुधावाचून काहीही देऊ नये असे सांगते. विशेषतः झोप लागावी म्हणून जायफळाचे वळसे वाढविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. बाळास पाठीवर निजवावे, आणि तंबाखू ओढणाऱ्याने किंवा मद्य घेतलेल्याने त्याच्या शेजारी निजू नये, हेही आता निश्चित झाले आहे.

पाजणे आईवाचून होत नाही हे खरे. परंतु पाजून झाल्यावर बाळास खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, ओले दुपटे बदलणे, बाळंतिणीस कोमट पाणी आणून देणे आणि पहाटे बाळास ओसरीवर नेऊन तिला दोन तास निजू देणे, ही कामे बापास येतात, आजोबांसही येतात. कारखान्यांच्या गावात रात्रपाळी करून आलेला पुरुष दिवसा झोपतो, तेव्हा सारे घर दबक्या पावलांनी वावरते, मुलांना अंगणात पिटाळले जाते, भांडीसुद्धा जपून ठेवली जातात. त्याच घरातली बाळंतीण चार वेळा उठून रात्र काढते, आणि उजाडताच तिच्या खोलीचे दार सताड उघडले जाते.