जुना ट्रक, नवे ब्रेक : एका दुरुस्तीचा इतिहास

यंत्रांचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अश्वशक्ती किती, ताशी मैल किती, विक्रम कोणत्या साली. थांबण्याचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. साहित्याच्या अभ्यासकांपुढे आम्ही अमेरिकेतील जुन्या पिकअप ट्रकच्या ब्रेकांची चर्चा घेऊन यावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु 'मूळ' कशाला म्हणावे आणि त्यात हात घालण्याचा अधिकार कोणाला, हा संहितेच्या अभ्यासकाचा नेहमीचा प्रश्न या लोखंडी वस्तूपाशी फार स्पष्टपणे उभा राहतो. आणि येथे उत्तर चुकले तर माणूस दगावू शकतो.

शेव्हरोले कंपनीने १९४७ ते १९५५ या काळात विकलेला 'ॲडव्हान्स डिझाइन' पिकअप हे आमचे उदाहरण. युद्धोत्तर अमेरिकेत शेतकरी, सुतार, दुकानदार यांनी तो हजारोंनी घेतला. आज तो हौशी संग्राहकांचा लाडका आहे. प्रारंभीच्या अर्ध्या टनाच्या ट्रकला २१६ घनइंचांचे, सहा सिलिंडरांचे, सुमारे ९० अश्वशक्तीचे इंजिन असे. मागच्या आसाचे गिअर ओझे ओढण्यासाठी योजलेले. त्यामुळे ताशी पन्नास मैलांच्या पुढे इंजिन कण्हू लागे. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. पायाने पॅडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलले जाई, आणि लायनर लावलेले शू आतून ड्रमवर घासत. फिरणारा ड्रम शूला आपल्याबरोबर ओढून अधिकच घट्ट रुतवी, म्हणून पायाला फारसे बळ लागत नसे. शेत, बाजार आणि दुपदरी रस्ता एवढ्या जगाला ही रचना पुरेशी होती.

२९ जून १९५६ रोजी आयझेनहॉवर यांनी आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली; ४१,००० मैलांचे जाळे त्यात योजलेले होते. ट्रक होता तसाच राहिला, पण त्याच्याभोवतीची वाहने धावू लागली. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४५ ऐवजी ६५ मैलांवरून थांबायचे, तर ब्रेकांना दुपटीहून थोडी अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. ड्रम तापला की प्रसरण पावतो, शूपासून दूर सरकतो, लायनरचे घर्षण घटते. लांब उतारावर पॅडल खाली खाली जाऊ लागते. पाण्यातून गाडी गेली तर ड्रमच्या आत शिरलेले पाणी लवकर निघत नाही. प्रत्येक ब्रेक एका विशिष्ट रस्त्यासाठी घडवलेला असतो आणि तो रस्ता गेला की ब्रेक मात्र मागे उरतो, असे आम्हांस वाटते.

या कथेत हेन्री फोर्ड यांचे स्थान विलक्षण आहे. द्रवदाबाचे ब्रेक १९२१ च्या ड्युसेनबर्गवर आले, १९२४ मध्ये क्रायस्लरने ते स्वीकारले आणि १९२८ मध्ये प्लिमथसारख्या स्वस्त गाडीलाही ते मिळाले. फोर्ड मात्र १९३९ च्या मॉडेलांपर्यंत पोलादी दांड्या आणि तारा यांनाच चिकटून राहिले. इतिहासकार याला म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून सोडून देतात. हट्ट होताच, परंतु त्यांच्या जाहिराती पोलादाच्या भरवशाची जी ग्वाही देत, तिच्या मागची भीती पोकळ नव्हती. जुन्या द्रवदाबाच्या रचनेत चारही चाकांसाठी एकच मार्ग असे. एखादी नळी फुटली, एका चाकाच्या सिलिंडरमधले रबर फाटले, तरी सारा दाब निघून जाई आणि पॅडल थेट तळाला टेके. आपल्याकडील बातम्यांत 'ब्रेक निकामी झाल्याने' हे शब्द वारंवार येतात. त्या एकमार्गी रचनेत तो शब्दप्रयोग अक्षरशः खरा ठरे.

त्या भीतीला उत्तर मिळण्यास अनेक दशके लागली. पुढच्या आणि मागच्या चाकांना स्वतंत्र मार्ग देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर कॅडिलॅकने १९६२ मध्ये दिला. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे वाहनसुरक्षेवरील पुस्तक गाजले. पुढच्याच वर्षी केंद्रीय वाहनसुरक्षा कायदा झाला. शेव्हरोलेच्या पिकअपला दुहेरी सिलिंडर १९६७ मध्ये मिळाला आणि पुढच्या चाकांना डिस्क १९७१ मध्ये. डिस्कची कल्पना तशी जुनीच: लँचेस्टर यांचे पेटंट १९०२ चे आणि ल मान्सच्या शर्यतीतला जॅग्वारचा डिस्कवरचा विजय १९५३ चा. शर्यतीतून शेतकऱ्याच्या ट्रकपर्यंत यायला तिला अठरा वर्षे लागली. गरीब कामाच्या वाहनाकडे सुरक्षा सर्वांत शेवटी पोचते, याचा हा एक लहानसा पुरावा.

आता दुरुस्तीकडे. उघड्यावर फिरणारी डिस्क लवकर निवते, पाणी झटकून टाकते; परंतु ड्रमप्रमाणे ती स्वतः होऊन ब्रेकला रुतवत नाही. म्हणून दाब अधिक लागतो आणि बहुतेक जण इंजिनच्या निर्वातावर चालणारा बूस्टर जोडतात. कॅलिपरला ऑइलही अधिक लागते, तेव्हा जुना सिलिंडर चालत नाही. मागे ड्रमच ठेवले, तर त्यांच्या मार्गात सुमारे दहा पौंडांचा शेष दाब राखणारी झडप हवी; तीच झडप डिस्कच्या मार्गात राहिली, तर पॅड सतत घासत राहतात आणि चाक तापते. शिवाय पिकअपचा हौदा रिकामा असताना मागचा भाग हलका असतो, मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते; म्हणून मागचा दाब आवरणारी आणखी एक झडप. आणि जुने ड्रम उघडताना वाऱ्याच्या झोताने धूळ उडवणे तर कटाक्षाने टाळावे लागते, कारण त्या काळच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. डिस्क बसवली की काम झाले, असे समजणाऱ्याने एक शब्द बदलला आणि वाक्य मोडले.

हे सारे केल्यावर तो ट्रक १९५० चा राहतो काय? शुद्धतावादी नाही म्हणतील. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे, परंतु रंग, घड्याळ, बैठक यांची शुद्धता आणि ब्रेकांची शुद्धता आम्ही एका मापाने मोजू शकत नाही. मूळ रंग राखण्याची किंमत मालक मोजतो. मूळ ब्रेक राखण्याची किंमत पुढच्या चौकात रस्ता ओलांडणाऱ्या, या छंदाशी काहीही संबंध नसलेल्या माणसाकडून वसूल होऊ शकते. जो ट्रक संग्रहालयात उभा राहणार आहे, त्याचे ड्रम जरूर तसेच ठेवावेत.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने वास्तूंसाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर तयार केलेल्या तुरिन सनदेत याविषयी शहाणी वाट दाखवली आहे. अपरिहार्य बदल मूळ द्रव्याला धक्का न लावता करावेत, ते परत फिरवता येण्याजोगे असावेत, काढलेले भाग वाहनासोबत जपावेत. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाताळलेल्यांना हे अपरिचित वाटणार नाही. तेथेही न स्वीकारलेले पाठ फेकून दिलेले नाहीत. ते पृष्ठाच्या तळाशी आणि परिशिष्टांत आहेत, आणि संपादकाशी मतभेद असणाऱ्याला ते पुन्हा उचलता येतात.

या ट्रकाच्या बाबतीत याचा अर्थ अगदी साधा होतो. त्याचे पॅडल फरशीतून वर येते आणि मास्टर सिलिंडर फरशीखाली असतो. नवा सिलिंडर इंजिनामागच्या पत्र्यावर बसवणे सोयीचे. पण त्यासाठी पत्रा कापावा लागतो आणि कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. म्हणून जाणते कारागीर जोडपट्टी वापरून, असलेल्या छिद्रांचाच आधार घेऊन, दुहेरी सिलिंडर फरशीखालीच टांगतात. तेथे तो कॅलिपरांपेक्षा खाली पडतो, ऑइल माघारी ओघळू नये म्हणून पुढच्या मार्गात दोन पौंडांची झडप घालावी लागते. खटाटोप वाढतो. जुने शू आणि ड्रम एका पेटीत, तारीख लिहून, ट्रकसोबत राहतात. ब्रेक ऑइल तपासायचे, तर चालकाला आजही पायाखालचे रबर उचलून फरशीतले झाकण काढावे लागते. खाली एकाऐवजी दोन कप्पे दिसतात.