बेपूरचा उरू: कागदावर नसलेले नौकाशास्त्र

केरळमधील कोझिकोडच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरांवर चालियार नदी अरबी समुद्राला मिळते. तिच्या मुखावर बेपूर हे लहानसे, शांत बंदर आहे. मासेमारीच्या होड्या आणि लक्षद्वीपला माल नेणारी जहाजे ही तेथील नेहमीची वर्दळ. मात्र नदीकाठच्या मांडवांखाली अधूनमधून एखाद्या प्रचंड लाकडी गलबताचा सांगाडा उभा राहतो. हाच ‘उरू’. शतकानुशतके अरबस्तानाशी चाललेल्या व्यापाराचे हे वाहन येथे पिढ्यानपिढ्या बांधले गेले. बांधणीसाठी आराखड्याचा कागद मात्र कधी वापरला गेला नाही.

हा उद्योग बेपूरलाच का रुजला, याचे उत्तर नदीच्या वरच्या अंगाला मिळते. चालियारच्या खोऱ्यात निलंबूरची सागवानी जंगले आहेत. तेथील ओंडके प्रवाहातून थेट किनाऱ्यापर्यंत आणता येत. सागवान जहाजाला विशेष मानवते. त्यातील तेलकट द्रव्यांमुळे ते सहसा कुजत नाही आणि पाण्यात राहूनही फारसे फुगत-आकसत नाही. ओकसारख्या लाकडातील आम्लधर्मी द्रव्यांमुळे लोखंडी खिळे लवकर गंजतात. सागवानात हा त्रास कमी होतो. याच गुणांमुळे मुंबईच्या गोदीत सागवानी युद्धनौका बांधल्या गेल्या. त्यांपैकी १८१७ साली तयार झालेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. जहाजबांधणीच्या या मागणीने मलबारची जंगले विरळ होऊ लागली, तेव्हा १८४० च्या दशकात जिल्हाधिकारी कॉनोली आणि त्यांचे सहकारी चातू मेनन यांनी निलंबूरला सागाची पद्धतशीर लागवड केली. जगातील सर्वांत जुन्या सागवान लागवडींत तिची गणना होते.

केरळमधील पहिला लोहमार्गही १८६१ साली तिरूरपासून बेपूरच्या खाडीपर्यंतच आला होता. पुढे मार्ग कोझिकोडकडे वाढवण्यात आला, रेल्वेचे अखेरचे स्थानक म्हणून लाभलेले महत्त्व ओसरले आणि बंदर मागे पडले. उरूंची बांधणी मात्र चालू राहिली.

युरोपात रूढ झालेल्या पद्धतीत आधी आराखडा, मग त्याबरहुकूम बरगड्या आणि शेवटी बाहेरच्या फळ्या असा क्रम असतो. बेपूरच्या परंपरेत तळाचा कणा बसवल्यावर आधी फळ्यांचे कवच वर चढत जाते आणि बरगड्या नंतर आतून बसवल्या जातात. जहाजाचा आकार मुख्य सुताराच्या डोक्यात असतो. यात गूढ काही नाही. लवचीक फळी काही बिंदूंवर दाबून धरली, की मधल्या भागात ती आपली वाकण्याची ऊर्जा किमान ठेवणारी वक्ररेषा घेते. ही रेषा गुळगुळीत असते आणि पाणी तिच्यावरून फारसा खळखळाट न करता सरकते. युरोपातील आरेखक कागदावर जहाजाची वक्ररेषा काढण्यासाठी लाकडाची बारीक लवचीक पट्टीच वापरत. त्या पट्टीचे नाव ‘स्प्लाइन’. संगणकावर वक्ररेषा काढणाऱ्या गणिती पद्धतीला हेच नाव मिळाले आहे. बेपूरचे सुतार हे गणित पूर्ण मापाच्या फळीवर सोडवत आले आहेत.

बांधून झालेला उरू पाण्यात लोटणे हे खलाशांचे काम. बेपूरचे मापिळा खलाशी त्यासाठी दोरखंड, कप्प्या, लाकडी ओंडके आणि माणसांनी फिरवायचा उभा रहाट वापरतात. समजा, रहाटाचा दांडा दोन मीटर लांब आहे आणि ज्या खांबाभोवती दोर गुंडाळला जातो त्याची त्रिज्या वीस सेंटिमीटर आहे. केवळ या रचनेने लावलेले बल दहापट होते. त्याला चार पदरी कप्पीची जोड दिली, तर घर्षण वगळता ते चाळीसपट होते. खलाशांच्या सामूहिक गाण्यालाही यांत्रिक अर्थ आहे. स्थिर वस्तू हलवताना सुरुवातीचे घर्षण सर्वाधिक असते. ते ओलांडण्यासाठी सर्वांचे बल एकाच क्षणी लागावे लागते, आणि तो क्षण गाण्याचा ठेका ठरवतो. ८ जुलै १९८८ रोजी पेरुमण येथे आयलंड एक्स्प्रेसचे डबे पुलावरून अष्टमुडी सरोवरात कोसळले, त्या भीषण अपघातानंतर बुडालेले डबे बाहेर काढण्यासाठी बेपूरच्या खलाशांनाच पाचारण करण्यात आले होते.

आजच्या उरूत खिळे असतात. जुन्या काळी या किनाऱ्यावर फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या जात. समुद्रातील चुंबकी खडक खिळे ओढून घेतात, म्हणून जहाजात लोखंड नको, अशी समजूत प्रचलित होती. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’तही असा इशारा आहे. भौतिकशास्त्राच्या कसोटीवर ती टिकत नाही. चुंबकाचे क्षेत्र दूर अंतरावर त्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते: अंतर दुप्पट झाले की क्षेत्र एक-अष्टमांश. चौदाव्या शतकात कालिकतला आलेल्या इब्न बतूताने दिलेले कारण अधिक पटणारे आहे. त्याच्या मते खिळ्यांचे जहाज खडकावर आपटले की फुटते, तर शिवलेले जहाज लवते आणि टिकते. आघाताची ऊर्जा एका ताठ सांध्यावर न एकवटता असंख्य टाक्यांमध्ये विभागली जाते, हे त्याचे आजच्या भाषेतील स्पष्टीकरण.

हेच तंत्र अलीकडे राष्ट्रीय बातम्यांत आले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून भारतीय नौदलाने ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज साकारले. गोव्यात झालेल्या बांधणीत शिवणकामाची धुरा बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालील केरळच्या कारागिरांनी सांभाळली. जहाजाच्या प्रतिकृतीच्या जलचाचण्या मद्रास आयआयटीच्या सागरी अभियांत्रिकी विभागात झाल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून मस्कतकडे निघाले.

या प्रकल्पातील एक अडचण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. समोर होते ते केवळ एक सपाट चित्र. त्यात जहाजाची जाडी, फळ्यांचा क्रम किंवा तोल यांची मापे नव्हती. ती अनुमानाने, चाचण्यांनी आणि कारागिरांच्या अनुभवाने ठरवावी लागली. शिवण्याची कला जिवंत असलेले थोडे हात उरले होते, म्हणूनच हे शक्य झाले.

बेपूरचा प्रश्नही येथेच येतो. आज उरूंची मागणी प्रामुख्याने आखाती देशांतील श्रीमंत ग्राहकांकडून येते आणि ती नियमित नसते. ऑर्डर नसेल त्या काळात सुताराचा मुलगा दुसरे काम धरतो. पुस्तकातले ज्ञान वाचक नसतानाही कपाटात टिकून राहते. हातातले ज्ञान टिकण्यासाठी ते काम सतत होत राहावे लागते. बांधणी चालू असलेल्या उरूचा प्रत्येक टप्पा लेसर मापनाने त्रिमितीत नोंदवणे, सुतारांचे निर्णय त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करणे आणि त्या आकारांचा जलप्रवाहाच्या दृष्टीने अभ्यास करणे, हे सारे आजच्या साधनांनी सहज साध्य आहे. कौंडिण्यच्या वेळी चित्रावरून मागे जावे लागले. बेपूरला मात्र अजून थेट सुतारांनाच विचारता येते.