वटी घ्या, ताई

तळेगावहून चाकणला निघालं की इंद्रायणीकाठी इंदोरी लागतं. सरसेनापती दाभाड्यांची गढी इथली, आणि गढीच्या आत कडजाईचं देऊळ. बाहेरच्या रस्त्यावर कंटेनर, सुटे भाग भरलेले टेम्पो आणि पाळी सुटलेल्या कामगारांच्या बस यांची रांग हलत नाही. नवरात्रात दरवाजाशी एक बाई पाटी मांडून बसली होती. पाटीत नारळ, हिरवे खण, हळकुंडं, सुपाऱ्या, कागदाच्या पुड्यांत तांदूळ. येणाऱ्या प्रत्येकीला ती म्हणत होती, "वटी घ्या, ताई, वटी."

आम्ही चिंचवडच्या सोसायटीतल्या बायका 'ओटी' म्हणतो. 'वटी' ऐकलं की कुणीतरी हळूच दुरुस्त करतं. ते मला खटकतं. मावळात आणि खेडकडे ओझ्याचं वझं होतं, ओसरीची वसरी होते, ओळखीची वळख होते. ओटीची वटी त्याच चालीने होते. शब्द ओ-ने सुरू झाला की ओठ आधी गोल होतात आणि त्या गोल होण्यातच एक व उमटतो. कानडी आणि तेलुगू बोलणाऱ्यांच्या तोंडीही शब्दारंभीच्या ओ-आधी असाच व ऐकू येतो. तेव्हा त्या बाईचा उच्चार चुकलेला नव्हता, आणि पुढे शब्दाचं घराणं शोधू लागले तेव्हा कानडी-तेलुगूकडे पाहायचं मला त्या उच्चारामुळेच सुचलं.

ओटी म्हणजे नेमकं काय? दवाखान्यात बाई सांगते, "ओटीपोटात दुखतंय," तेव्हा ती बेंबीखालच्या भागाबद्दल बोलत असते. शेतात भुईमुगाच्या शेंगा किंवा मिरच्या तोडणारी बाई म्हणते, "ओटीत घे," तेव्हा ती लुगड्याच्या त्या खोळीबद्दल बोलते, जी पदर किंवा ओचा पुढे घेऊन, कमरेला खोचून तयार होते. खोळ येते ती बरोबर त्या पोटावरच. अंगाला आणि अंगावरच्या कापडाला एकच नाव मिळालं, कारण बाईच्या रोजच्या कामात त्या दोन जागा वेगळ्या नव्हत्याच. म्हणून 'मूल ओटीत घातलं' म्हटलं की दत्तक दिलं, सांभाळायला दिलं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

कोकणातल्या घराची ओटी मी या शब्दापासून वेगळी धरते. ओटी, पडवी, माजघर या रांगेतली ती ओटी म्हणजे ओट्याची धाकटी बहीण. आमच्या निगडीतल्या ओटा स्कीमच्या नावातही तोच ओटा आहे. उच्चार एक झाला म्हणून कूळ एक होत नाही.

कापडाच्या ओटीचं कूळ मला दक्षिणेकडचं वाटतं. कानडीत लुगड्याच्या याच खोळीला 'उडि' म्हणतात, आणि 'उडु' म्हणजे नेसणं. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या बायका 'उडि तुंबतात', म्हणजे ओटी भरतात. शब्दाला शब्द, क्रियेला क्रिया. तेलुगूत 'ओडि' म्हणजे मांडी, कूस. तेलंगणात माहेरची माणसं लेकीच्या पदरात हळद लावलेले तांदूळ घालतात, त्याला 'ओडि बिय्यम' म्हणतात. उडि, ओडि, ओटी या तिघी मला सख्ख्या वाटतात. संस्कृत पोथीने हा शब्द आपल्याला दिलेला नाही. लुगडं नेसणाऱ्या, तांदूळ निवडणाऱ्या बायकांनी तो भाषांची हद्द न मानता इकडून तिकडे नेला. खणाचंही तसंच. चोळीच्या खणासाठी महाराष्ट्रातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ज्या गुळेदगुड्डचं नाव घेत आल्या, ते गाव बागलकोट जिल्ह्यात आहे.

या औद्योगिक पट्ट्यात हे सगळे शब्द आज एकाच चाळीत राहतात. भोसरीत, चिखलीत, चाकणच्या आसपासच्या खोल्यांत लातूर-धाराशिवकडची माणसं आहेत, त्यांची देवी तुळजापूरची. खानदेशातली आहेत, ती चैत्रात सप्तशृंगीला निघतात. विजयपुरा-कलबुर्गीकडची आहेत. आणि बिहारची आहेत. बिहारच्या एका शेजारणीने मला सांगितलं की तिच्याकडे सासरी निघालेल्या लेकीच्या आंचळात तांदूळ, दूर्वा, हळद आणि पैसा घालतात. त्याला 'खोइंछा' म्हणतात, आणि अष्टमीला दुर्गेचाही खोइंछा भरतात. मी तिला माझी ओटी सांगितली. दोघींचे शब्द एकमेकींना परके होते, पण पदर पुढे धरण्याची दोघींची खूण एकच होती.

देवीला जायचं म्हणजे ओटी घेऊन जायचं. खण, नारळ, तांदूळ किंवा गहू, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, विड्याची पानं. सप्तशृंगीची मूर्ती एवढी भव्य की तिला अकरा वार साडी लागते आणि चोळीला तीन खण. गडावरच्या ४७० पायऱ्या १७१० च्या सुमारास उमाबाई दाभाड्यांनी बांधून घेतल्या. त्या अभोण्याच्या, म्हणजे गडाच्या पायथ्याकडच्याच लेक, आणि सासर हे आमचं तळेगाव. भोसरीच्या कंपनीतून रात्रपाळी करून निघालेली खानदेशी पोरं गडाच्या वाटेला लागतात, तेव्हा तळेगावच्या सुनेने तीनशे वर्षांपूर्वी माहेरच्या देवीकडे धरलेली वाट ती पुन्हा चालत असतात. मला हे ठाऊक झाल्यापासून दाभाड्यांच्या गढीत शिरताना सेनापतींच्या आधी उमाबाई आठवतात.

पण सगळ्या देवींना मांडी नसते. माहूरची रेणुका तांदळा आहे. अंग नाही, हातपाय नाहीत, केवळ मुख. कथा सांगते की परशुरामाने मागे वळून पाहिलं आणि आई तेवढीच वर आली. तिच्या उलट लज्जागौरी. तिच्या प्राचीन मूर्तींत डोक्याच्या जागी कितीदा तरी कमळ असतं आणि ओटीपोट मात्र पूर्ण घडवलेलं. तेरच्या उत्खननात अशा मूर्ती मिळाल्या, रा. चिं. ढेरे यांनी १९७८ मध्ये 'लज्जागौरी' याच नावाचं पुस्तक लिहिलं. एक देवी फक्त मुख, दुसरी फक्त ओटी. तरी तांदळ्यापुढेही बायका 'ओटी भरली' असंच म्हणतात. दगडाला मांडी नसेल तर ती हा शब्द देतो. आजच्या मुली कंपनीच्या गणवेशात, कुर्त्यात किंवा जीन्समध्ये देवळात येतात, तेव्हाही हेच होतं. लुगड्याचा ओचा गेला, पण ओढणी पुढे होते, ओढणी नसली तर रुमाल, आणि तोही नसला तर ओंजळ. त्या सगळ्यांना ओटीच म्हणतात.

म्हणूनच माझी एक जुनी तक्रार आहे. वडील गेले त्या वर्षापासून आईची ओटी कुणी भरली नाही. हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात थांबायची. देवळात ओटीचं ताट माझ्या हाती देऊन दोन पावलं मागे सरायची. मी विचारलं तर म्हणायची, "सवाष्णीचं काम आहे ते." मी हा शब्द उलटसुलट करून पाहिला आहे. ओटीत पोट आहे, कापड आहे, धान्य आहे. नवरा कुठेच नाही. आणि सवाष्ण? तो शब्द सुवासिनीवरून आला. संस्कृत कोशांत सुवासिनीचा एक जुना अर्थ आहे माहेरी राहणारी बाई, मग तिचं लग्न झालेलं असो वा नसो. 'स्ववासिनी' असंही रूप आढळतं, म्हणजे आपल्या घरी राहणारी. नवरा हयात असण्याची अट त्या शब्दाला पुढे कधीतरी चिकटली आणि मग तीच त्याचा अर्थ होऊन बसली. ४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बांगड्या फोडायची, कुंकू पुसायची चाल बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती बातमी मी आईला मोठ्याने वाचून दाखवली होती. ती काही बोलली नाही. पेपर मात्र तिने घडी करून ठेवला.

त्या दिवशी इंदोरीच्या दरवाजाशी मी दोन ओट्या मागितल्या. बाईने एक माझ्या हातात दिली आणि दुसरी, न विचारता, आईपुढे धरली. "घ्या, आजी, वटी." आईने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. तिने ती घेतली.

गाभाऱ्यात तिने स्वतः पाच ओंजळी तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. पुजाऱ्यांनी हळदकुंकू वाहिलं, त्यातलाच नारळ आणि मूठभर तांदूळ परत द्यायला हात पुढे केला. आईने पदर ओढून समोर घेतला, दोन्ही टोकं धरली आणि किंचित वाकली. गढीतून उतरून बसथांब्यापर्यंत, ट्रकांच्या कडेकडेने, ती डाव्या हाताने ती ओटी सावरत चालली होती. शेंगा तोडून बांधावर येताना मी तिला लहानपणी तशीच चालताना पाहिलेलं आहे.