मयताच्या बाजूने कोण बोलणार?

वरळीच्या चाळीतील एखादे म्हातारे माणूस रात्री निजते आणि सकाळी उठत नाही. शेजारी म्हणतात, "सुटला बिचारा, वय झाले होते." बहुतेक वेळा ते खरेच असते. परंतु बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. उरलेल्यांची दाद कोणी घ्यायची, हा आजचा विषय आहे.

या कामासाठी मुंबई शहरात एक स्वतंत्र अधिकारी होता. त्याचे नाव कोरोनर. हे पद मूळचे इंग्लंडातले, सन ११९४ चे. त्याचा जन्म दयेतून झाला नाही, राजाच्या तिजोरीतून झाला. आत्महत्या करणाऱ्याची मालमत्ता आणि माणसाचा जीव घेणारी वस्तू राजाकडे जमा होई; तिचा हिशेब कोरोनरने ठेवायचा. पुढे हिशेब मागे पडला आणि मृत्यूची चौकशी तेवढी राहिली. पुष्कळ संस्था अशाच असतात. त्या काढणाऱ्यांच्या सोयीसाठी निघतात आणि कालांतराने लोकांच्या उपयोगी पडू लागतात.

आपल्याकडे सन १८७१ चा कोरोनर कायदा झाला. अपघात, खून, आत्महत्या किंवा अज्ञात कारणाने एकाएकी आलेला मृत्यू, तसेच तुरुंगातल्या कैद्याचा मृत्यू, यांची खबर मिळाली की कोरोनरने चौकशी करायची. मूळ कायद्यात ज्युरी होती. पाच, सात, नऊ, असे पंधरापर्यंत विषम संख्येत प्रतिष्ठित नागरिक बोलवायचे, प्रेत पाहायचे, साक्षी शपथेवर घ्यायच्या, जरूर तर शवविच्छेदन करवायचे आणि जठर-आतड्यांतील द्रव्य तपासणीस धाडायचे. कोरोनर कोणाला शिक्षा देत नसे. हा कोण, केव्हा, कोठे आणि कशाने मेला, एवढेच तो ठरवी.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना या 'एवढेच'चे मोल कळते. यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेलेल्याच्या विधवेला १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दाद मागायची, तर मृत्यू कशाने आला हे आधी ठरावे लागते. पोलीस नाही, मालक नाही, अशा तिसऱ्या माणसापुढे उघडपणे साक्ष होणे ही लहान गोष्ट नव्हती.

तरीही हे पद गेले. पोलिसांचा पंचनामा, डॉक्टरांचे विच्छेदन आणि वर कोरोनर, असे एकच काम तीनदा होते, नातेवाइकांना ताटकळावे लागते, असा आक्षेप होता. तो अगदी खोटा नव्हता. कलकत्त्यातले पद आधीच गेले होते. मुंबईतले १९९९ साली संपले.

आता चौकशी पोलिसांकडे आहे. पूर्वी फौजदारी संहितेचे कलम १७४ होते. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ लागू आहे. अंमलदाराने मोहल्ल्यातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पंचनामा करायचा, अंगावरच्या जखमा लिहायच्या आणि शंका असल्यास प्रेत विच्छेदनास पाठवायचे. लग्नाला सात वर्षे झाली नाहीत अशा स्त्रीच्या मृत्यूसाठी कायद्याने विशेष दक्षता सांगितली आहे, आणि ती योग्यच आहे. म्हाताऱ्यांसाठी मात्र तशी तरतूद नाही.

वास्तविक त्यांच्याच मृत्यूत फसगत सोपी. उतारवयात कातडी पातळ होते, साध्या धक्क्याने काळेनिळे डाग पडतात. त्यामुळे मारहाणीचा वळ वयावर घालता येतो आणि वयाचा डाग मारहाण वाटू शकतो. उशीने श्वास कोंडला तर खूण राहीलच असे नाही. गोळ्यांचा जादा डोस डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी व्हिसेरा कलिनाच्या प्रयोगशाळेत जावा लागतो. आणि डॉक्टरने दाखल्यावर "हृदयविकार" लिहिले, की पोलीस येण्याचे कारणच उरत नाही.

केवळ कोरोनर असून भागत नाही, हेही इंग्लंडनेच दाखवले. हाइड गावचा डॉक्टर हॅरोल्ड शिपमन सन २००० मध्ये पंधरा खुनांसाठी दोषी ठरला. पुढच्या चौकशीत बळींची संख्या २१५ निघाली; त्यांत बहुतेक वृद्ध स्त्रिया होत्या. मारणाराच दाखला देत होता, मग कोरोनरला कळवणार कोण? सप्टेंबर २०२४ पासून तिकडे, कोरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यूही दुसऱ्या, स्वतंत्र डॉक्टरच्या नजरेखालून जातो.

बी. डी. डी. चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी आता ५०० फुटांचे घर मिळते. जागेची किंमत वाढली की तिच्यात राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या श्वासाचीही कोणी किंमत करू लागतो. आम्ही कोणाच्या लेकावर वा सुनेवर आळ घेत नाही; असंख्य घरांत आईबापांची सेवाच होते. प्रत्येक वृद्धाचे प्रेत फाडा, असेही आमचे म्हणणे नाही. मागणे तीनच आहेत. दाखला देणाऱ्या डॉक्टरने प्रेत अंगावरचे वस्त्र काढून नीट पाहावे. घरी झालेल्या मृत्यूचा दाखला दुसऱ्या डॉक्टरनेही तपासावा. आणि पंच म्हणून बोलावणे आले, तर आपण दार लावून घेऊ नये.

शेवटचे मागणे सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. ज्युरी गेली, परंतु शेजार गेलेला नाही. मेलेल्या माणसाला स्वतःची तक्रार लिहिता येत नाही. ती लिहून घेणारे कोणी असेल, तर ते आपणच.