कॅव्हेलबाईंचे शेवटचे शब्द



वैऱ्याविषयींही मनांत प्रेम बाळगावें, हा येशू ख्रिस्ताचा उपदेश आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. ख्रिस्ती राष्ट्रांनीं त्याचा मान कितपत राखला, हें युरोपचा इतिहास वाचणारास निराळें सांगावयास नको. तथापि त्याच इतिहासांत एक बाई अशा होऊन गेल्या कीं, मरणाच्या आदल्या रात्रीं तो उपदेश त्यांनीं स्वतःला लावून पाहिला.

ईडिथ कॅव्हेल यांचा जन्म १८६५ सालीं इंग्लंडांतील नॉर्फोक परगण्यांत एका पाद्र्याच्या घरीं झाला. १९०७ सालीं डॉक्टर आंत्वान दपाज यांनीं बेल्जमच्या राजधानींत, ब्रुसेल्स येथें, परिचारिकांचें विद्यालय काढलें व त्याचीं सूत्रें कॅव्हेलबाईंच्या हातीं दिलीं. बाई शिस्तीच्या मोठ्या करड्या. दया म्हणजे गोड बोलणें, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

२० ऑगस्ट १९१४ रोजीं जर्मन सैन्य ब्रुसेल्समध्यें शिरलें. बेल्जमचें तटस्थत्व पायांखालीं तुडवून आलेल्या त्या शिपायांची मलमपट्टी करणें तेथील तरुण मुलींच्या जिवावर आलें असल्यास नवल नाहीं. बाईंनीं त्यांना बजावलें कीं, जखमी माणूस शत्रु असो वा मित्र, तो कोणाचा तरी बाप, पति किंवा पुत्र आहे. परिचारिकेनें त्या भांडणांत पडूं नये.

पण याचा अर्थ बाईंना दोन्ही पक्ष सारखे होते असा नव्हे. शत्रूच्या मुलखांत अडकलेल्या सुमारें दोनशें दोस्त सैनिकांना त्यांनीं आसरा दिला आणि गुप्तपणें हॉलंडकडे निसटून जाण्यास साहाय्य केलें. जर्मनांच्या कायद्यानें हा अपराध होता. ऑगस्ट १९१५ मध्यें त्यांना अटक झाली, आणि चौकशींत आपलें कृत्य त्यांनीं नाकारलें नाहीं. सेंट गिल्सच्या तुरुंगांत दहा आठवडे गेले. सोबतीला थॉमस अ केम्पिसचा ‘ख्रिस्तानुकरण’ हा ग्रंथ होता. ऑक्टोबरांत सैनिकी न्यायालयानें देहान्ताची शिक्षा दिली.

येथें एका जर्मन माणसाची आठवण केली पाहिजे. तुरुंगाचे धर्मोपदेशक ल सर हे स्वतः जर्मन. या घटकेला शत्रुपक्षाचा माणूस समोर आल्यास बाईंना क्लेश होतील हें ओळखून त्यांनीं शहरांतील अँग्लिकन धर्मोपदेशक स्टर्लिंग गॅहन यांना बाईंकडे जाण्याची परवानगी मिळवून दिली. उपकार लहानसाच, परंतु तोही शत्रूकडून आलेला.

११ ऑक्टोबरच्या रात्रीं गॅहन भेटले. दोघांनीं मिळून प्रभुभोजनाचा विधि केला. त्या वेळीं बाई बोलल्या त्याचा आशय असा: ईश्वर आणि अनंतकाल यांच्यासमोर उभी असतां मला कळून येतें कीं देशभक्ति पुरेशी नाहीं, कोणाविषयींही माझ्या मनांत द्वेष वा कटुता असतां कामा नये.

आम्हां जुन्या शाळामास्तरांना व्याकरणाची खोड असते, म्हणून या वाक्यांतील क्रियापदांकडे माझें लक्ष जातें. माझ्या मनांत द्वेष नाहीं, असें बाई म्हणाल्या नाहींत. तो असतां कामा नये, असें म्हणाल्या. शिवाय ‘मला कळून येतें’ असेंही म्हणाल्या. एकोणपन्नास वर्षांची, आयुष्यभर शत्रुमित्रांची शुश्रूषा केलेली ही बाई त्या रात्रींसुद्धां विद्यार्थिनीच्या जागीं बसलेली दिसते. ज्यांनीं आपणांस मारावयाचें ठरविलें त्यांच्याविषयीं द्वेष वाटणें स्वाभाविक आहे. तो आपोआप ओसरेल, या आशेवर त्या बसल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं पहांटे फिलिप बोक या बेल्जियन सहकाऱ्याबरोबर त्यांना गोळ्या घालण्यांत आल्या.

पुढें काय झालें? ब्रिटनमध्यें त्यांच्या मृत्यूचीं चित्रें छापून सैन्यभरती करण्यांत आली, आणि जर्मनांविषयींचा द्वेष भडकविण्यास त्यांचेंच नांव कामीं आलें. १९२० सालीं लंडनमध्यें ट्रॅफल्गर चौकाजवळ त्यांचें स्मारक उभें राहिलें. त्यावर ‘राजा आणि देश यांसाठीं’ अशीं अक्षरें कोरलेलीं होतीं. बाईंचे शेवटचे शब्द मात्र नव्हते. चार वर्षें लोटल्यावर, १९२४ सालीं, स्त्रियांच्या राष्ट्रीय मंडळाच्या आग्रहावरून ते खालीं कोरण्यांत आले. आज दोन्ही लेख एकाच दगडावर वाचावयास मिळतात.