पीसीओएस, उदास मन आणि ‘ड’ जीवनसत्त्व : पुडी घेण्याआधी हे वाचा

पाळी दोन-दोन महिने पुढे जाते, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतं. पीसीओएसची ही लक्षणं आता गावोगावी माहीत झाली आहेत. पण या आजारात मनही खचतं, हे घरात फारसं कुणी बोलत नाही. मुलगी चिडचिड करते, एकटी बसून रडते, तर ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून विषय संपतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, पाळीच्या वयातल्या दर १०० स्त्रियांपैकी ६ ते १३ जणींना पीसीओएस असतो. त्यांच्यात नैराश्य आणि चिंता इतर स्त्रियांपेक्षा जास्त आढळते. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, डॉक्टरांनी या रुग्णांच्या मनाचीही विचारपूस करायला हवी.

शेतात राबूनही ‘ड’ कमी कसं?

‘ड’ जीवनसत्त्व मुख्यतः अंगावर पडणाऱ्या उन्हातून तयार होतं. पण शेतात जाताना डोक्याला स्कार्फ, साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो. ऊन कातडीला लागतच नाही. शिवाय अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हात ‘ड’ फारसं बनत नाही. साधारण १० नंतरचं ऊन उपयोगी, मात्र चटका बसेपर्यंत थांबू नये. जेवणातून अंडी व मासे सोडले तर ते फार कमी मिळतं.

गोळीने मन ताळ्यावर येतं का?

‘ड’ कमी असलेल्यांमध्ये उदासी जास्त दिसते, हे खरं. पण वजन जास्त असलं की रक्तातलं ‘ड’ कमी भरतं, आणि मन खचलेली बाई घराबाहेरही कमी पडते. त्यामुळे कशामुळे काय झालं, हे सांगणं अवघड. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ‘ड’ घेऊनही नैराश्य टळलं नाही. कमतरता असेल तर ती भरून काढावीच, हाडांसाठी ते गरजेचं आहे. पण ‘ड’ म्हणजे नैराश्यावरचं औषध नव्हे.

पुडी रोज घेऊ नका

मेडिकलमध्ये मिळणारी ६० हजार युनिटची पुडी किंवा गोळी डॉक्टर बहुधा आठवड्यातून एकदाच, तीही ठरावीक आठवडे देतात. ‘लवकर बरं वाटेल’ म्हणून ती रोज घेतली, तर रक्तात कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, खूप तहान लागते. किडनीलाही धोका होतो. रक्त तपासून, डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यावं.

दवाखान्यात कधी जावं?

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर पाळीसोबत हेही डॉक्टरांना सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर वाट पाहू नका, घरच्यांनी तिला एकटं सोडू नये. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.