माळ, वार आणि आगोट: चौक परिसरातील शाकाहार

खालापूर तालुक्यातील चौक हे पनवेलहून बोरघाटाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे गाव असून, त्याच्या आसपासच्या आगरी, कुणबी, ठाकूर आणि कातकरी वस्त्यांमध्ये मांसमासळी पूर्वापार खाल्ली जाते. त्यामुळे येथील शाकाहाराचा इतिहास जन्मजात निषेधापेक्षा नेमाचा आणि पंचांगाचा अधिक आहे. 2014 च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील सुमारे 40 टक्के लोक शाकाहारी आढळले, परंतु वार पाळणारा माणूस कोणत्या रकान्यात बसवावा, हे असे आकडे सांगत नाहीत.

या नेमाचे मुख्य साधन म्हणजे वारकरी संप्रदायातील तुळशीची माळ. ती गळ्यात घालणारा माळकरी मद्यमांस सोडतो आणि एकादशी धरतो. मात्र एकाच्या माळेने सारे घर शाकाहारी होत नसे. आजी माळकरी आणि सून-नातवंडे सुकट खाणारी, अशा घरात आजीची भांडी वेगळी राहत आणि तिच्या पंगतीला बसणारे मूल तिचेच जेवण जेवत असे. शाकाहार मुलांच्या अंगवळणी पडला तो उपदेशापेक्षा या पंगतीमुळे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

दुसरे साधन वारांचे. श्रावणात आणि एरवीही ठरावीक वारी मांसमासळी वर्ज्य केली जाई, आणि हे शक्य होण्यामागे शेतीचे व रानाचे पाठबळ होते. पहिल्या पावसानंतर शेवळे उगवते. त्याची घशाला सुटणारी खाज मारण्यासाठी काकड नावाची आंबट फळे घालावी लागतात. त्यामागोमाग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी येतात. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. तोच भिजवून, मोड आणून, सोलून केलेले बिरडे आणि सोबत भात किंवा कॅल्शियमने समृद्ध अशी नाचणीची भाकरी हे वाढत्या मुलाला पुरेसे कसदार जेवण होते. वाल सोलण्याचे किचकट काम बहुधा बायकामुलांच्याच वाट्याला येई, ही गोष्ट बिरड्याचे गोडवे गाताना सहसा विसरली जाते.

तरीही हा शाकाहार सोवळा नव्हता. पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीला आगोटीची बेगमी म्हणतात. तीत तांदूळ, मिरची, मीठ यांबरोबर सुके बोंबील आणि जवळा असतच. याच तालुक्यात खोपोलीजवळ साजगाव-ताकई येथे कार्तिकात भरणाऱ्या विठोबाच्या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार लागतो, म्हणून या देवाला बोंबल्या विठोबा असे नाव पडले. संत तुकाराम मिरच्या विकण्यासाठी येथे आले होते, अशी आख्यायिका सांगतात. ज्याच्या नावाने माळ घालून मासळी सोडायची, त्याच्याच यात्रेत ती विकत घ्यायची, यात परिसरातील भाविकांना विसंगती वाटलेली दिसत नाही, आणि तशी ती नाहीही: नेम ज्याचा त्याने पाळायचा, ही येथील रीत होती.

ही वैयक्तिक निवड पुढे शासनाच्या कागदावर आली. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्यातील शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळे किंवा अन्य फळ देण्याचा निर्णय झाला. जानेवारी 2025 मध्ये अंड्यांसाठीचा शासकीय निधी बंद करण्यात आला.